दहा रकाने आणि एक माटोळी: परदेशी आणि खासगी विद्यापीठांच्या अर्जासाठी मुलांचे उपक्रम कसे निवडावेत

दहावीचा निकाल लागला की फोंड्यातल्या आमच्या घरी दर वर्षी कोणी ना कोणी आईवडील जाडजूड फाइल घेऊन येतात. प्लॅस्टिकच्या कप्प्यांत बालवाडीतल्या वेशभूषा स्पर्धेपासूनची प्रमाणपत्रं असतात. चित्रकला, वक्तृत्व, कराटे, अबॅकस, श्लोकपठण, सायकल रॅली. "टीचर, एवढं सगळं आहे. बाहेरच्या कॉलेजला याचा उपयोग होईल ना?"

मी उच्च माध्यमिकला शिकवते. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा आपल्याकडच्या खासगी विद्यापीठांत अर्ज करणाऱ्या मुलांना गेली काही वर्षं अर्ज भरायला मदतही करते. ती फाइल मी बाजूला ठेवते आणि मुलाला विचारते, "गणेशचवथीला तू घरी काय करतोस?"

सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाला मी हे विचारलं तेव्हा तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबांबरोबर माटोळीचं सामान आणायला रानात जातो." माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांनी-वेलींनी सजवलेली चौकट. तो सातवीपासून जात होता. कांगलं कुठे मिळतं, कवंडाळ कुठल्या उतारावर उरलंय, कुठली वेल आता दिसतच नाही, हे सगळं त्याने एका वहीत लिहून ठेवलं होतं. फाइलमध्ये तीसेक प्रमाणपत्रं होती, पण या वहीबद्दल एकही नव्हतं. माटोळीला प्रमाणपत्र कोण देणार? त्याच्या आईला तर हे सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

हा लेख अशाच घरांसाठी आहे. शहरातल्या मोठ्या शाळांमध्ये समुपदेशक असतात. गोवा बोर्डाच्या गावातल्या शाळेत ते काम आईवडील, एखादी टीचर आणि मूल मिळून करतात.

पहिली पायरी: कॉलेज उपक्रम बघतं का, हे आधी पाहा

इथेच बरीच घरं चुकतात. "सर्वांगीण विकास" हा शब्द ऐकून मुलाला पाच वर्गांना घालतात आणि ज्या प्रवेशासाठी ही धडपड चालते, तिथे उपक्रमांचा एक गुणही धरला जात नाही.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जायचं असेल तर नीट ही परीक्षा. आयआयटी, एनआयटीसाठी जेईई. बिट्सचा कॅम्पस आपल्या झुआरीनगरला असला तरी तिथलं दार बिट्सॅट या प्रवेश परीक्षेच्या गुणांनी उघडतं. केंद्रीय विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी सीयूईटी ही सामाईक परीक्षा. मुलाचा रस्ता हाच असेल तर त्याला तबला शिकू द्या, फुटबॉल खेळू द्या, पण ते त्याच्या आनंदासाठी आणि तब्येतीसाठी. अर्जाचा हिशोब त्यात आणू नका. पुढचा लेख वाचायचीही तुम्हाला फारशी गरज नाही.

काही ठिकाणी मुख्य दाराशेजारी एक अरुंद दार असतं. दिल्ली विद्यापीठात अभ्यासेतर कौशल्यांचा आणि खेळाचा वेगळा कोटा आहे. अभ्यासेतर कोट्यात अलीकडच्या वर्षांत सीयूईटीच्या गुणांना २५ टक्के आणि प्रत्यक्ष चाचणी व प्रमाणपत्रं मिळून ७५ टक्के वजन दिलं गेलं आहे. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून उत्तम खेळाडूंसाठी आणि २०२५-२६ पासून ललितकला-संस्कृतीत चमकलेल्या मुलांसाठी काही जादा जागा ठेवल्या. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या यादीत नाव मात्र यावंच लागतं. या दारातून आत जाणाऱ्याला एकाच गोष्टीत वरच्या पातळीवर असावं लागतं आणि कागदही लागतात. म्हणजे इथे फाइल उपयोगी पडते, पण त्यातला एकच कप्पा.

तिसरा गट म्हणजे अर्ज पूर्ण वाचणारी ठिकाणं. अमेरिकेतली निवडक कॉलेजं आणि आपल्याकडे सोनीपतचं अशोका किंवा पुण्याचं फ्लेम. इथे गुणांबरोबर निबंध, शिफारसपत्रं आणि उपक्रम वाचले जातात, काही ठिकाणी मुलाखतही होते. अमेरिकेतही सगळीकडे सारखं वजन नसतं. बऱ्याच मोठ्या सरकारी विद्यापीठांत गुण आणि घेतलेले विषय हेच मुख्य असतात.

इंग्लंडचा हिशोब वेगळा आहे. तिथे मूल एका विषयासाठी अर्ज करतं आणि ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या ठिकाणी वाचणारे त्याच विषयाचे प्राध्यापक असतात. त्यांना तुम्ही कबड्डीचे कप्तान होतात याचं कौतुक असेल, पण प्रवेश त्यावर होत नाही. अर्थशास्त्र शिकायचं असेल तर अर्थशास्त्राबद्दल शाळेबाहेर काय वाचलं, काय तपासून पाहिलं, हे ते विचारतात. तिथल्या विद्यापीठांचे अर्ज यूकास या यंत्रणेतून जातात. तिच्या अर्जातला स्वतःबद्दलचा जुना सलग मजकूर २०२६ च्या प्रवेशापासून गेला आणि त्या जागी तीन प्रश्न आले. सगळं मिळून ४००० अक्षरं, त्यातली बहुतेक विषयासाठीच ठेवायची.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर कॉलेजांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा: फक्त परीक्षा, अरुंद दार, पूर्ण वाचन की विषय. एका संध्याकाळचं काम आहे. त्याने पुढची दोन वर्षं वाचतात.

अष्टपैलू की एकाच गोष्टीत खोल?

अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांविषयी हा वाद जुना आहे. सगळ्यात थोडं थोडं करणारा मुलगा चांगला, असं एकेकाळी मानलं जायचं. पुढे गुणांमध्ये सारखे दिसणारे अर्ज वाढत गेले. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाच्या सुमारे १६०० जागांसाठी ५० हजारांच्या आसपास अर्ज येतात. एका अर्जाला वाचणाऱ्याची मिनिटं मोजकीच मिळतात. वादविवाद, बुद्धिबळ, वृक्षारोपण, नाटक, रक्तदान शिबिरात मदत अशी यादी असलेले हजारो अर्ज एकापाठोपाठ वाचले की चेहरे एकमेकांत मिसळतात. ज्याचं एका गोष्टीशी घट्ट नातं दिसतं तो लक्षात राहतो. म्हणून आता ही कॉलेजं म्हणतात की आम्हाला अख्खा वर्ग अष्टपैलू हवा, त्यातलं प्रत्येक मूल अष्टपैलू असायची गरज नाही. एखाद्या नाटक मंडळीसारखंच हे आहे. तिला संवादिनीवाला लागतो, पडदा रंगवणारा लागतो, स्त्रीपार्ट करणारा लागतो. तिन्ही अर्धवट येणारे वीसजण घेऊन नाटक उभं राहत नाही.

प्रवेशात वंशावरून भेदभाव होतो, या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध भरलेल्या खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये झाली. तिथले वाचक अभ्यास, अभ्यासेतर काम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळे अंक देतात, हे तेव्हा जगासमोर आलं. अभ्यासेतर कामाचा अंक उपक्रमांची संख्या मोजून ठरत नाही. मूल त्यात कुठवर पोहोचलं, हे पाहिलं जातं.

अर्जाचे रकानेही हेच सांगतात. हजाराहून अधिक कॉलेजं स्वीकारतात त्या कॉमन अ‍ॅपमध्ये उपक्रमांचे १० रकाने आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात उपक्रम आणि बक्षिसं मिळून २० जागा आहेत. एमआयटीचा अर्ज वेगळा आहे आणि त्यात फक्त ४ उपक्रम मागितलेत. मी पालकांना नेहमी एमआयटीचे चार रकाने आधी भरायला सांगते, मुलाने तिथे अर्ज केला नाही तरी. चारमध्ये जे येतं तेच खरं. पाचवं, सहावं आठवायला डोकं खाजवावं लागलं तर ते मुलाचं नव्हतंच.

हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाने २०१६ मध्ये एक अहवाल काढला आणि त्याला अनेक कॉलेजांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी पाठिंबा दिला. दोन-तीन भरीव उपक्रमांपेक्षा जास्त दाखवायचं दडपण मुलांवर नको, आणि घरातल्या जबाबदाऱ्यांनाही तितकीच किंमत द्यावी, असं त्यात म्हटलं आहे.

असं असलं तरी अष्टपैलूपणाची बाजू मी पूर्ण सोडून देणार नाही. आठवी-नववीपर्यंत मुलाने भटकलंच पाहिजे. शिगम्याच्या रोमटामेळात नाचावं, ढोल वाजवून बघावा, बाल भवनात मातीकाम करावं, क्रिकेटमध्ये शून्यावर बाद व्हावं. तेराव्या वर्षी "तुझा एक विषय ठरव" म्हणणं हा अन्याय आहे. काही मुलं खरोखरच दोन धाग्यांची असतात. गणित आणि गाणं दोन्ही त्यांच्यात एकत्र वाढतं, त्यातला एक धागा तोडला तर दुसराही सुकतो. अशा मुलाला एकाच खुंटीला बांधू नका.

माझा हिशोब असा. एक धागा ज्यात मूल खोल गेलंय. त्याच्या बाजूला एक-दोन गोष्टी ज्या ते केवळ आवडीने करतं. आणि घरातलं एक काम जे त्याच्यावाचून अडतं. एवढं पुरतं.

दुसरी पायरी: फाइल बंद करा, वही उघडा

शाळेची दोनशे पानी वही चालेल. नववीपासूनच्या चार वर्षांत मुलाने अभ्यासाबाहेर जे जे केलं ते लिहून काढा, कारण कॉमन अ‍ॅप नववी ते बारावीचाच हिशोब विचारतं. आपल्याकडे दहावीनंतर शाळा बदलते, त्यामुळे नववी-दहावीतलं निम्मं विसरायला होतं. आजी, शेजारी, जुने वर्गशिक्षक यांना विचारा.

प्रत्येक गोष्टीपुढे पाच उत्तरं लिहा. कुठल्या इयत्तेत? आठवड्याला किती तास? वर्षात किती आठवडे? कोणी सांगितलं म्हणून, की स्वतःहून? आणि मुलाच्या करण्याने काय बदललं?

तासांबाबत प्रामाणिक राहा. आठवड्याचे एकूण तास १६८. झोप, शाळा, शिकवणी, जेवण आणि बसचा प्रवास वजा करा. दहा रकान्यांत प्रत्येकी सहा तास लिहिले तर साठ होतात, आणि हे खोटं आहे हे वाचणाऱ्याला बेरीज न करताही कळतं. चवथीच्या आधीचे तीन आठवडे रोज चार तास घुमट या वाद्याचा सराव आणि बाकी वर्षभर काही नाही, असं असेल तर तसंच लिहा: वर्षातले तीन आठवडे, आठवड्याला २८ तास. अर्जात आठवडे आणि तास वेगळे विचारतात ते यासाठीच.

आता गोव्यातल्या घरांत हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी. देवळातल्या सप्ताहात रात्रीचा पहारा भजनात काढणं. जत्रेतल्या नाटकाची प्रकाशयोजना. वाड्यावरच्या लहान मुलांना घेऊन कला अकादमीच्या भजन स्पर्धेची तयारी. खाडीकाठच्या खाजन शेतात पाणी अडवणाऱ्या मानशीची दारं भरती-ओहोटी बघून उघडण्या-मिटण्यात काकांना हात देणं. मासळी मार्केटात आईच्या बाजूला बसून हिशोब ठेवणं. आजीला डायलिसिसला नेणं. धाकट्या भावाला सांभाळणं, कारण आई-बाबा दोघंही शिफ्टला. कॉमन अ‍ॅपच्या यादीत "कौटुंबिक जबाबदारी" आणि "पगारी काम" असे स्वतंत्र प्रकार आहेत. ते भरायला लाजू नका. दुकानात बसणाऱ्या मुलाचा रकाना हा पैसे भरून केलेल्या उन्हाळी शिबिराच्या रकान्यापेक्षा कितीतरी वजनदार असतो.

तिसरी पायरी: धागा शोधा

मुलाला "तुझी आवड काय?" विचारू नका. उत्तर "रीडिंग, म्युझिक" असं येतं. त्याऐवजी हे विचारा: कोणी सांगितलं नाही तरी तू काय करतोस? कशाबद्दल बोलताना मित्र म्हणतात, पुरे आता? आणि कुठल्या कामासाठी लोक तुलाच शोधत येतात?

तिसरा प्रश्न सगळ्यात खरा आहे. सावईवेऱ्याकडच्या एका मुलीचं उत्तर होतं, "बाबांना कुळागरातलं पाणी कुठे कमी पडतंय ते माझ्याकडूनच कळतं." पोफळींना पाटाने पाणी सोडायचं काम तिच्याकडे होतं. एका वर्षी खालच्या अंगाच्या पोफळी पिवळ्या पडल्या, तेव्हा तिने प्रत्येक पाटाला पाणी किती मिनिटं लागतं ते घड्याळ लावून मोजलं. पाटाचा चढ-उतार पट्टीने मापला, दोन ठिकाणी माती काढून घेतली. घरच्यांच्या दृष्टीने हे रोजचं काम. माझ्या दृष्टीने पर्यावरण अभियांत्रिकीच्या अर्जाचा कणा.

वादविवादाची बक्षिसं तिच्या फाइलमध्ये होती आणि ती खरीही होती. पण वादविवाद तिला शाळेने करायला लावला होता. तो रकाना सातव्या क्रमांकावर गेला.

चौथी पायरी: खोल जाणं म्हणजे काय

इथे मी जरा थांबणार आहे, कारण "एकाच गोष्टीवर लक्ष द्या" एवढं सांगून पालकांना काहीच कळत नाही. ते त्याच गोष्टीच्या आणखी चार स्पर्धांत मुलाला घालतात.

माटोळीच्या मुलाचंच बघा. सातवी-आठवीत तो फक्त आजोबांमागे चालत होता. नववीत नावं लिहायला लागला. कुठलंही काम आधी असंच असतं, बघणं आणि साथ करणं. दहावीच्या सुट्टीत आम्ही ठरवलं की त्याने वहीत आणखी तीन रकाने वाढवायचे: झाड कुठे दिसलं, कुठल्या महिन्यात फळ धरतं, आणि आजोबांच्या लहानपणी ते कुठे मिळायचं. तिसऱ्या रकान्यासाठी त्याला गावातल्या सात-आठ म्हाताऱ्यांकडे जाऊन बसावं लागलं. त्यातून त्याला स्वतःचा प्रश्न सापडला. काही वनस्पती आता रानात न मिळता म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या बाजारात विकत का मिळतात? आणि विकणारे त्या कुठून आणतात?

अकरावीत त्याने बाजारात बसणाऱ्या बायकांशी बोलून ते लिहून काढलं. शाळेच्या आवारात पाच रोपं लावली, त्यातली तीन जगली. चवथीआधी वाड्यावरच्या लहान मुलांना घेऊन तो रानात जायला लागला. उपटायचं किती आणि ठेवायचं किती, हे तो त्यांना शिकवत होता. बारावीत वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना वही दाखवली. त्यांनी चार नावं चुकीची काढली, ती त्याने दुरुस्त केली.

यात एकही स्पर्धा नाही. चार वर्षांत चार गोष्टी मात्र घडल्या. तो शिकला, त्याने स्वतःचा प्रश्न विचारला, काहीतरी उभं केलं आणि दुसऱ्याच्या हाती दिलं. कुठलाही धागा घ्या, या चारांतलं काय झालंय आणि काय राहिलंय ते बघा. कीर्तन असो, कोडिंग असो, फुगडी असो. पेटी वाजवणाऱ्या मुलीने गांधर्वच्या परीक्षा प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या, हे शिकणं झालं. ते महत्त्वाचं आहेच. पण गावच्या भजनी मंडळात जुन्या चाली कोणाला येतात, त्या लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवल्यात का, हा प्रश्न तिने विचारला की ती दुसऱ्या पायरीवर आली.

खेळात गणित थोडं निराळं आहे, कारण तिथे पातळी आकड्यांत दिसते. अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा यांच्यासारखे ग्रँडमास्टर आपल्या गोव्याने दिले, २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला, आणि घरोघरची मुलं पट घेऊन बसली. फार चांगलं झालं. पण तालुका पातळीवर खेळणाऱ्या मुलाने अर्जात पातळीच्या जोरावर उभं राहू नये. त्याने पंचायतीच्या सभागृहात दर शनिवारी वीस मुलांना शिकवलं असेल तर ते वर ठेवावं. राष्ट्रीय पदक असलेल्याची गोष्ट वेगळी, त्याने पदकच आधी लिहावं.

पाचवी पायरी: सोडायचं काय

हे बोलायला सोपं आणि घरात करायला कठीण. सात वर्षं भरतनाट्यम शिकलेल्या मुलीला "आता सोड" कसं म्हणायचं? म्हणू नका. तिलाच विचारा, पुढच्या महिन्यात वर्ग बंद झाला तर तुला काय वाटेल? "सुटले" असं उत्तर आलं तर गुरूंना भेटून, नमस्कार करून सोडा. "नाही" म्हणाली आणि डोळ्यांत पाणी आलं तर अर्जात जागा नसली तरी चालू राहू द्या. अंगाला घाम आणणारा एक खेळ किंवा नाच बारावीतही ठेवा. जागरणं आणि मॉक टेस्टच्या वर्षात तोच मुलाला उभं ठेवतो.

अकरावीत नवीन सुरू केलेल्या गोष्टींबाबत मात्र मी कडक आहे. अर्ज डोळ्यांसमोर ठेवून सुरू केलेली गोष्ट वाचणाऱ्याला ओळखू येते.

माझी एक चूक सांगते. माझ्या भाचीच्या वेळी एका सल्लागाराने सांगितलं की हिच्याकडे "लीडरशिप" नाही, एक एनजीओ काढा, नाव आणि वेबसाइट आम्ही करून देतो. मी तेव्हा नवखी होते, मान डोलावली. तिने अकरावीची सगळी सुट्टी समुद्रकिनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकबद्दलच्या त्या वेबसाइटवर घालवली आणि पेटीचा रियाज बंद पडला. एनजीओत ती आणि तिच्या दोन मैत्रिणी. दोन सफाई मोहिमा झाल्या, मग काही नाही. निबंध लिहायला बसली तेव्हा प्लॅस्टिकबद्दल एक परिच्छेद सुचेना, आणि ज्या पेटीबद्दल ती तासभर बोलू शकली असती तिच्यात एक वर्षाची फट पडली होती. ती फट माझ्यामुळे पडली याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सांगते, पैसे भरून मिळणारी संस्थापकपदं, पैसे भरून छापले जाणारे "संशोधन निबंध" आणि आठवडाभराच्या महागड्या "नेतृत्व परिषदा" यांपासून मुलाला दूर ठेवा. ते पैसे विमानाच्या तिकिटाला लागतील.

सहावी पायरी: दीडशे अक्षरांत लिहिणं

कॉमन अ‍ॅपमध्ये प्रत्येक उपक्रमासाठी पदाला ५०, संस्थेच्या नावाला १०० आणि वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. अर्ज इंग्रजीत भरायचा असतो, पण आधी मराठीत लिहून बघा. मराठीत पोकळ वाटलेलं वाक्य इंग्रजीत भरीव होत नाही.

पहिला मसुदा बहुधा असा येतो: "गावच्या घुमट आरती पथकाचा सक्रिय सदस्य. विविध कार्यक्रमांत सहभाग. नेतृत्वगुण व संघभावना विकसित झाली." यात मूल कुठे आहे? आता हे बघा: "मातीच्या भांड्यावर चामडं ताणलेलं वाद्य वाजवतो. ११ मुलांना ८ आरत्यांचे ताल शिकवले, ताल वहीत उतरवले. चवथीत १४ घरी वाजवलं." बोस्टनमध्ये बसलेल्या माणसाला घुमट माहीत नाही, म्हणून ते काय आहे ते चार शब्दांत सांगितलं. मग आकडे आणि क्रियापदं. गुणवर्णन अजिबात नाही, ते वाचणारा करेल.

रकाने महत्त्वाच्या क्रमाने लावा, तारखेच्या क्रमाने नाही. दहा भरलेच पाहिजेत असं नाही. सहा भरून चार रिकामे ठेवलेला अर्ज मी पाठवला आहे आणि त्या मुलीला चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला. ६५० शब्दांच्या मुख्य निबंधात पहिल्या रकान्याचीच गोष्ट लांबवायची गरज नाही. कधी कधी तिसऱ्या रकान्यात मूल जास्त खरं दिसतं.

शाळेचं काय?

आपल्याकडे गाडी इथे अडते. अमेरिकी अर्जाला शाळेकडून समुपदेशकाचा अहवाल, शाळेची माहिती, नववीपासूनच्या गुणपत्रिका आणि बहुधा दोन शिक्षकांची पत्रं लागतात. समुपदेशक नसेल तर मुख्याध्यापक किंवा प्राचार्य ते भरू शकतात. त्यांना शाळेचा अधिकृत ईमेल लागेल. अकरावीच्या शेवटीच भेटा, बारावीच्या गडबडीत नको. नववी-दहावीच्या शाळेतून गुणपत्रिकांच्या प्रती काढून घ्या.

पत्र कोणाकडून घ्यायचं? सगळ्यात मोठ्या पदाच्या माणसाकडून नको. ज्यांच्या वर्गात मुलाने प्रश्न विचारले त्यांच्याकडून घ्या. त्यांना वहीची दोन पानं द्या. आपले शिक्षक "आज्ञाधारक, हुशार व नम्र विद्यार्थी" असं लिहितात आणि ते मनापासून लिहितात, पण त्याने चित्र उभं राहत नाही. "प्रयोगशाळेत तुमच्यासमोर घडलेला एखादा प्रसंग लिहाल का, सर?" असं मुलाने आदराने विचारलं की बहुतेक शिक्षक आनंदाने लिहितात.

पैशांचा विषय याच टप्प्यावर घरात मोकळेपणाने काढा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट यांच्यासारखी मोजकी कॉलेजं परदेशी मुलाची ऐपत न बघता निवड करतात आणि गरजेइतकी मदत देतात. इतर बऱ्याच ठिकाणी मदत मागितल्याने निवड कठीण होते. यादी करताना हे प्रत्येक कॉलेजच्या पानावर वाचा.

तारखा

नवीन वर्षाचा कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला उघडतो. ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि इंग्लंडमधल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबर. अमेरिकेतली लवकरची फेरी बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबरला संपते, कॅलिफोर्निया विद्यापीठाची नोव्हेंबर अखेरीस, आणि नियमित फेरी बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे चवथ, दसरा आणि दिवाळी या तिन्ही सणांत मूल अर्जात बुडालेलं असणार. म्हणून निबंधाचा पहिला मसुदा बारावीच्या जूनमध्ये, पाऊस सुरू होताना लिहून घ्या. चवथीचे दिवस मोकळे ठेवा. माटोळीच्या मुलाला ऐन चवथीत लॅपटॉपसमोर बसवणं मला तरी जमलं नसतं.

अर्ज गेल्यावरही शाळेचं काम संपत नाही. बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण जानेवारी-फेब्रुवारीत पाठवावे लागतात, आणि तेव्हाच बोर्डाची परीक्षा तोंडावर असते. लवकरच्या फेरीत निर्णय पुढे ढकलला गेला तर बहुतेक कॉलेजं एक छोटं पत्र स्वीकारतात: अर्जानंतर नवीन काय घडलं. त्यात नव्याने जोडलेला उपक्रम नको, पहिल्या रकान्यातली पुढची नोंद लिहायची. सत्तरीच्या मुलाने लिहिलं होतं की शाळेच्या आवारातल्या तीन रोपांपैकी एकाला फळ धरलं, आणि येत्या चवथीला ते शाळेच्या माटोळीला बांधायचं ठरलंय.